पाचाला सहा

मिलिंद, तू मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी गेलास. आळंदी रस्त्यावरचा दवाखाना, दुसरा मजला, खिडकीकडची खाट. वेळ मी परिचारिकेच्या नोंदीतून घेतली आहे. तुझे वडील सव्वातीन म्हणतात. त्यांचे घड्याळ पाच मिनिटे पुढे असते, हे तुला माहीत आहे.

वय, शिक्षण, मागे कोण, हे सगळे गुरुवारच्या अंकात चार ओळींत आले. त्या ओळी मी लिहिल्या नाहीत, फोनवरून फक्त तपासून दिल्या. त्यात तू 'प्रवासी जहाजांवरील हॉटेल खात्यातून निवृत्त' झालास असे आहे. मी ते तसेच जाऊ दिले. ते खोटे नव्हते; जहाजावरचा कॅसिनो हॉटेल खात्यातच मोडतो, असे तूच मला सांगितले होतेस. पण ते पुरेसेही नव्हते.

आपली ओळख एका चुकीवरून झाली. मी तेव्हा डेस्कवर होते, म्हणजे बातमीदारांचा मजकूर तपासून पानात लावण्याच्या कामावर. तू सुटीवर आला होतास आणि भर दुपारी हातात कात्रण घेऊन कचेरीत उभा राहिलास. आम्ही एका छायाचित्राखाली 'मुंबई बंदरात दाखल झालेले आलिशान जहाज' असे छापले होते.

"मॅडम, हे मुंबई नाही. मागे कोचीनची मासेमारीची जाळी दिसतायत."

"तुम्हाला जाळ्यांवरून कळलं?"

"जहाजावरून कळलं. मी त्याच्यावर काम करतो. यातली एकही खिडकी माझी नाही, आम्हाला खिडक्या नसतात. पण जहाज माझं आहे."

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली. तिसऱ्या दिवशी तू परत आलास, फक्त एवढे विचारायला की खरेच छापलीत का. मी म्हटले, चूक होती, छापली. तू म्हणालास, "आमच्याकडे पत्ते वाटण्यात चूक झाली की आम्ही खेळ थांबवतो. वरचा माणूस येईपर्यंत टेबलावरची पैशांची एक चकतीही हलवत नाही. मला वाटायचं, हे फक्त आम्हीच करतो."

"आम्हीही करतो. आम्हाला फक्त एक दिवस उशीर होतो."

त्या दिवशी चहा संपवून उठताना तू हलकीच एक टाळी वाजवलीस आणि दोन्ही तळवे आधी वर, मग खाली करून दाखवलेस. आमचा शिपाई बघत राहिला. मी विचारले, हे काय. तू ओशाळलास. "टेबल सोडताना वरच्या कॅमेऱ्याला दाखवावं लागतं, हातात काही नेत नाही म्हणून. सवय आहे." पुढे तू माझ्या घरी जेवून उठताना, रिक्षातून उतरताना, एकदा तर बँकेच्या खिडकीपाशीही ते केलेस. बँकेतल्या बाईंनी घाईघाईने स्वतःचाच ड्रॉवर तपासला.

तुझ्या घरात पत्त्यांना बंदी होती. तुझे वडील, ज्यांना आपण दोघेही बाबा म्हणायचो, नागपूरकडून तरुणपणी खडकीच्या कारखान्यात आले आणि दारूगोळा तपासणारे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. विश्रांतवाडीच्या त्या दोन खोल्यांत रोज सकाळी पंचशील म्हटले जाई आणि त्यानंतर आमचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत भिंगातून वाचला जाई. मुलगा जहाजावर हॉटेलात आहे, असे ते सर्वांना सांगत. तू ते कधी खोडले नाहीस. मी विचारले तेव्हा तू म्हणालास, "मी खोटं बोललेलो नाही. त्यांनी 'कुठे' विचारलं, मी सांगितलं. 'काय करतोस' हे त्यांनी कधी विचारलंच नाही."

"चौथं शील काय आहे रे?"

"खोटं न बोलण्याचं. गप्प बसण्याविषयी त्यात काही नाही. मी तपासलंय."

म्हणून पत्ते माझ्या घरी यायचे, कसबा पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. शेजारच्या बाई जिन्यात विचारायच्या, "ते कोण हो येतात?" मी सांगायचे, "आमचं सूत्र." पत्ते सरकवायची पेटी तू आमच्याच गल्लीत एका देव्हारे करणाऱ्या सुताराकडून करून घेतलीस. त्याने विचारले, कशासाठी? तू सांगितलेस, पत्त्यांसाठी. तो म्हणाला, कमळाची पट्टी कापून तयार आहे, गिऱ्हाईक परत आलं नाही, तीच लावतो. त्यामुळे आपली पेटी पुढून देव्हाऱ्यासारखी दिसायची. चकत्यांच्या जागी वाण्याकडून आणलेले पावशेर चिंचोके.

तू शिकवलेस ते मी वहीत उतरवून घेतले आहे. दोन पत्ते मिळतात. बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण ओलांडायची नाही. चित्राचा पत्ता दहा, एक्का एक किंवा अकरा. वाटणाऱ्याचा एक पत्ता उघडा, एक झाकलेला. पहिल्याच दोन पत्त्यांत एक्का आणि दहा आले की तो ब्लॅकजॅक, आणि त्याचे पैसे इतर जिंकण्यापेक्षा जास्त. किती जास्त, यावर सगळे. जमिनीवरच्या जुन्या जुगारखान्यांत दीडपट, म्हणजे दोनाला तीन: दहा लावले तर पंधरा जिंकायचे. तुझ्या जहाजावर पाचाला सहा: दहा लावले तर बारा. फरक तीन चिंचोक्यांचा.

"लोक तक्रार करत नाहीत?"

"उलट. त्यांना सहा आणि पाच हे तीन आणि दोनपेक्षा मोठे वाटतात. एक काका तर म्हणाले होते, या जहाजावर जरा बरा दर आहे."

आणखीही बरेच होते. बंदरात कॅसिनो बंद. जहाज किनाऱ्यापासून पुरेसे दूर गेले की मगच उघडायचा. दिवसभर पाण्यातच असले की टेबलावर लावायची कमीत कमी रक्कम वाढायची, कारण त्या दिवशी लोकांना जायला दुसरी जागा नसते. खोलीच्या कार्डावर पैसे घेतले तर वर आकार. एक्का आणि छक्का मिळून सतरा झाले तरी वाटणाऱ्याने थांबायचे नाही, आणखी एक पत्ता घ्यायचा. हेही जहाजाच्या फायद्याचे. वाटणाऱ्याचा उघडा पत्ता एक्का असला की तो खेळणाऱ्यांना विचारतो, विमा घेता का, म्हणजे माझा ब्लॅकजॅक निघेल यावर वेगळे पैसे लावता का. "कधीच घेऊ नये," तू म्हणालास आणि माझ्या समोरचे चिंचोके स्वतःच मागे सरकवलेस.

आठ वर्षांपूर्वी हे सगळे मी छापायचे ठरवले. पुण्यातून तेव्हा निवृत्त मंडळींचे गटच्या गट सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर जायला लागले होते. रविवारच्या पुरवणीसाठी मी अर्धे पान घेतले. तू जहाजावरून सुटीवर आलेला, तीन दुपारी बसून मजकूर सांगितलास. एकच अट: नाव नको. बाबा वाचतील.

शनिवारी पान लावताना दोन बदल झाले. पहिला मी केला नाही. 'विमा कधीच घेऊ नये' हे वाक्य मुख्य संपादकांनी काढले, कारण त्याच पुरवणीच्या मागच्या पानावर एका विमा कंपनीची पूर्ण पानाची जाहिरात होती. दुसरा मी केला. 'पाचाला सहा' पाशी मी थांबले. कचेरीत खेळांच्या नियमांची तीन पुस्तके होती, तिन्हींत दीडपट होते. मला शिकवले होते की एका सूत्रावर आकडा छापायचा नाही, दोन हवीत. माझ्याकडे एका बाजूला एक माणूस होता आणि दुसऱ्या बाजूला तीन पुस्तके. मी पेन्सिल उचलली आणि 'दीडपट' केले. तुला फोन केला नाही. सहा मिनिटांत पान सोडायचे होते, हे कारण मी तेव्हा दिले होते. खरे कारण असे की मला खात्री होती.

सोमवारी तू आलास. बसला नाहीस. खिशातून चिंचोके काढून टेबलावर दहा मांडलेस, बाजूला बारा, त्याच्या बाजूला पंधरा.

"हे मी सांगितलं. हे तू छापलंस."

"तीन पुस्तकांत तेच आहे."

"पुस्तकं जहाजावर आली होती का?"

 तू बारा आणि पंधरा यांच्यात बोट ठेवलेस. "डेस्कबाई, तू माझ्या टेबलावर लिहिलेलं खोडलंस." तू मला डेस्कबाई म्हणू लागलास ते त्या दिवसापासून. आधी रागाने, नंतर सवयीने.

दोन महिन्यांनी बिबवेवाडीचे पोकळे आले. मोटार ड्रायव्हिंग शिकवण्याचा त्यांचा व्यवसाय, मुलाकडे सोपवलेला. माझे अर्धे पान त्यांनी लॅमिनेट करून आणले होते.

"हे आपण लिहिलंत?"

"हो."

"आम्ही हे जहाजभर दाखवत हिंडलो. आमच्या गटाला मीच शिकवलं, यातलं बघून. चौथ्या दिवशी मी पंचवीस डॉलर लावले. पहिलाच एक्का, दुसरा राजा. बायको मागे उभी. वाटणाऱ्या मुलीनं तीस दिले. मी म्हटलं, बाई, साडेसदतीस. ती म्हणाली, तीस. मी तिच्यासमोर पेपर धरला. तिला मराठी येत नव्हतं, तिचा दोष नाही. तिनं टेबलाच्या कापडावर बोट ठेवलं. तिथं लिहिलेलं होतं. एवढं मोठं."

"चूक आमची आहे. आपले साडेसात डॉलर—"

"ते ठेवा तुम्हाला. तीस वर्षं मी लोकांना शिकवलं, आधी पाटी वाचा, मग गाडी घाला. गटातले आता मला 'साडेसदतीस' म्हणतात. दुरुस्ती छापा, तेवढं पुरे. मी तीही लॅमिनेट करीन."

मी त्याच संध्याकाळी मुख्य संपादकांकडे गेले. ते म्हणाले, तीन पुस्तकांच्या विरुद्ध छापायचे तर कोणाच्या सांगण्यावरून, हे नाव घालून सांगा. आणि चूक डेस्कची असेल तर नियमाप्रमाणे मेमो तुमच्या फायलीत जाईल. ते एवढेच बोलले. वृत्तसंपादकाची जागा पाडव्याला भरायची होती आणि माझे नाव त्यात होते, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. ते मी तुला आधीच सांगितले होते, चिंचोके मोजता मोजता, नको तितक्या तपशिलात.

मी तुला म्हटले, मेमो लागू दे, फक्त तुझे नाव हवे. तू लगेच म्हणालास, "नाव नको. बाबा वाचतील."

"एक ओळ आहे. सातव्या पानावर."

"ते सातवं पानही भिंगातून वाचतात."

"पोकळ्यांना काय सांगू?"

"मी बघतो."

विषय तिथे संपला. कोचीनच्या जाळ्यांसाठी भर उन्हात कचेरी गाठणारा माणूस या वेळी सहज गप्प बसला, याचे मला नवल वाटले. पण मी पुढे विचारले नाही. आता जे लिहिते आहे ते मी तुला कधी बोलले नाही: तू नाही म्हणालास तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले. मी स्वतःला सांगितले की मी तुझे गुपित सांभाळते आहे. पाडव्याला मी वृत्तसंपादक झाले. तू पेढे घेऊन आलास, एक खाल्लास, टाळी वाजवलीस, तळवे दाखवलेस.

गुपित मी आठ वर्षे काटेकोर सांभाळले. तुझ्या घरी आले की बाबा चहा ठेवायचे आणि समोर बसून विचारायचे, "मग बाई, त्या जहाजाच्या हॉटेलात दिवसाला किती पोळ्या लागत असतील जी?" मी गंभीरपणे अंदाज सांगायचे. ते मान डोलवायचे. "अन् भाजी? भाजी कोठून आणतात समुद्रात?" मी शीतगृहांविषयी बोलायचे. तू खिडकीबाहेर बघत असायचास. एकदा त्यांनी विचारले, "याले त्यातलं नेमकं काय करा लागते?" मी म्हणाले, "वाढप, बाबा. पाहुण्यांना वाढायचं, कोणाला कमी-जास्त होऊ द्यायचं नाही." तू त्या दिवशी मला बसथांब्यापर्यंत सोडायला आलास आणि वाटेत दोनदा थांबून हसलास.

मग जहाजे बंदरांतच उभी राहण्याची ती दोन वर्षे आली आणि तू कायमचा घरी आलास. माझ्याकडे येणे कमी झाले. एकदा पेटी घेऊन गेलास, फळी सैल झाली आहे, दुरुस्तीला देतो म्हणालास. ती परत आली नाही. मी दोनदा विचारले. तू म्हणालास, सुतार गावाला गेला आहे. सुतार आमच्याच गल्लीत रोज दिसायचा. मी ते तुझ्या लक्षात आणून दिले नाही.

एक भांडण मात्र आपण अखेरपर्यंत चालवले, आणि ते अर्धेच राहिले. मी म्हणायचे, पाचाला सहा ही फसवणूक आहे. तू म्हणायचास, कापडावर लिहिलेले आहे, फसवणूक कशी?

"लोक वाचत नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून तर लिहिलंय."

"वाचत नाहीत त्याला वाटणारा काय करणार? मी जे लिहिलं तेवढं दिलं. बावीस वर्षांत एक चकती कमी नाही, एक जास्त नाही."

"म्हणजे तुझा दोष नाही."

"तुमच्या जाहिरातीत 'अटी लागू' किती बारीक छापता, डेस्कबाई?"

"तो जाहिरात विभाग."

"हां. मग माझा तो कंपनी विभाग."

 एकदा तू म्हणालास की ज्यांच्या हातात काही ठरवणे नसते त्यांनी निदान हात साफ ठेवावेत. मी म्हणाले, ते पुरत नाही. तू म्हणालास, पुरत नाहीच, पण तेवढेही सगळे करत नाहीत. यावर मला अजून बोलायचे आहे.

तू गेलास त्याच्या दोन दिवस आधी, रविवारी, दवाखान्यात आले तेव्हा दुपारचे जेवण आले होते. तू मऊ भाताचे दोन घास घेतलेस आणि ताट सरकवलेस. मग टाळी, फारसा आवाज न झालेली, आणि दोन्ही तळवे, आधी वर, मग खाली. परिचारिका नवीन होती. तिने विचारले, "काका, काय हवंय?" तू म्हणालास, "काही नको. काही घेतलेलं नाही, एवढं लिहून घ्या." तिने खरेच तक्त्यावर लिहिले: दुपारचे जेवण घेतले नाही. मी म्हणाले, दोन घास घेतलेत, दुरुस्ती करा. तू माझ्याकडे बघून हसलास. आपले त्यानंतर बोलणे झाले नाही.

काल, रविवारी, तुझ्या घरी पुण्यानुमोदन झाले. पांढऱ्या कपड्यांतली चाळीसेक माणसे, खडकीच्या कारखान्यातले बाबांचे दोन सोबती, इमारतीतली मंडळी. त्रिशरण, पंचशील झाले. मागच्या रांगेत पोकळे बसले होते. ते कसे, हे मला कळेना. कार्यक्रम संपल्यावर ते स्वतःच जवळ आले.

"मला ओळखलंत? साडेसदतीस."

"आपण मिलिंदला ओळखत होता?"

"म्हणजे काय. मी तुमच्याकडे आलो ना, त्याच आठवड्यात ते बिबवेवाडीला घरी आले. बायकोसमोर बसले, म्हणाले, वहिनी, यांची चूक नाही, मी सांगितलं होतं बरोबर, पेपरात चुकलं. स्वतःचं ओळखपत्र दाखवलं, जहाजाचं. मग चिंचोके मागितले. घरात नव्हते. तुरीच्या डाळीवर शिकवलं आम्हाला. त्यानंतर दर सुटीत यायचे." त्यांनी चपला पायात सरकवल्या. "दुरुस्ती तेवढी राहिली तुमची."

मी म्हणाले, हो, राहिली.

सगळे गेल्यावर मी निघाले, तर बाबांनी बसा म्हटले. ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी स्वतः चहा ठेवला, मला उठू दिले नाही. समोर बसले.

"बाई, त्या हॉटेलात किती पोळ्या लागतात, ते आता तरी खरं सांगता का?"

 ते उठले, लोखंडी कपाट उघडले आणि आपली पेटी आणून माझ्यासमोर ठेवली. कमळाची पट्टी, सैल न झालेली फळी, आत पत्ते आणि चिंचोके.

"हे तुमचं हाये. तुमच्या घरून आणलं होतं त्यानं. रोज दुपारी खेळायचो आम्ही. एक दिवस मी वाटायचो, एक दिवस तो. बापाले एकदाही जिंकू दिलं नाही हो."

"घरात पत्ते चालत नव्हते ना?"

"पैसे लावून चालत नाहीत. चिंचोक्यांवर ते गणित."

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं, बाबा?"

"त्याच रविवारपासून. पेपर माह्या हातात होता, मी त्याले वाचून दाखवत होतो. 'दीडपट' म्हणलं अन् हा ताडकन उठला. म्हणे, बाबा, हे चुकलं, मी पाचाला सहा सांगतलं होतं. मी म्हणलं, तू सांगतलं? तुले काय माहीत त्यातलं? मंग बसला खाली अन् सगळं सांगतलं."

"रागावलात?"

"आठ दिवस बोललो नाही. मंग विचारलं, लिहिलं तेवढंच द्यायचा ना? म्हणे, तेवढंच. म्हणलं, मंग ठीक. मीही तेच केलं, बाई. चौतीस वर्षं गोळे तपासले. रोज सकाळी पहिलं शील म्हणायचं, प्राणी मारू नये, अन् आठच्या भोंग्याले कारखान्यात. गोळे बनवावे का नाही, हे मले कोणी विचारलं नाही. तपासले मात्र नीट."

मी विचारले, मग मला का सांगितले नाही. दुरुस्तीला फक्त नाव हवे होते.

"तेच तर. तो म्हणे, बाईचं प्रमोशन हाये. नाव दिलं तर ती छापल्याशिवाय राहणार नाही, अन् कागद तिच्या फायलीत लागल. पाडवा होऊ दे, मंग सांगू. पाडवा झाला." ते पहिल्यांदा हसले. "मंग तुम्ही पोळ्यांचा हिशेब इतका मन लावून सांगायच्या, की आमच्यानं थांबवेना. तुम्ही गेल्या की तो भिंतीले टेकून हसायचा. मी त्याले म्हणायचो, पुढच्या वेळी भाजीचं विचारतो."

मी चहा प्यायले. चांगला झाला होता.

पेटीच्या तळाशी, पत्त्यांखाली, माझे अर्धे पान घडी घालून ठेवले होते. 'दीडपट' या शब्दावर पेन्सिलीची सरळ रेघ. समासात बाबांच्या अक्षरात 'पाचाला सहा', आणि खाली, कारखान्यात तपासलेल्या मालाच्या चिठ्ठीवर करतात तशी, आद्याक्षरांची सही आणि तारीख. तारीख त्या रविवारची आहे. अंकाच्या मथळ्यावरच्या तारखेशी मी ती जुळवून पाहिली.

"आता नाव छापा," बाबा म्हणाले. "पूर्ण छापा. भिंग हाये माह्याजवळ."

मी निवृत्त आहे. पुरवणीचे सध्याचे संपादक तेव्हा नोकरीतही नव्हते. आज सकाळी त्यांना कात्रण दाखवले. त्यांनी विचारले, माहिती कोणाची आणि दुजोरा कोणाचा. पहिल्याचे उत्तर मी दिले. दुजोऱ्यासाठी बिबवेवाडीचा पत्ता दिला. पुढील मजकूर त्यांच्या संमतीने, त्याच पुरवणीत, या लेखाखाली छापला जात आहे.

दुरुस्ती: आठ वर्षांपूर्वी या पुरवणीत प्रवासी जहाजांवरील पत्त्यांच्या खेळाविषयी प्रसिद्ध झालेल्या लेखात, ब्लॅकजॅक लागल्यास लावलेल्या रकमेच्या दीडपट रक्कम मिळते, असे छापले होते. लेखात वर्णन केलेल्या टेबलावर ती पाचाला सहा या दराने मिळत होती. विमा कधीच घेऊ नये, हे वाक्य गाळले गेले होते. मूळ माहिती बरोबर होती. ती विश्रांतवाडी येथील मिलिंद शेंदरे यांनी दिली होती. ते त्या टेबलावर पत्ते वाटत असत. दराचा बदल डेस्कवर करण्यात आला.